सासूची बाजू

आई,

आमच्या शाळेच्या शिक्षकखोलीत हल्ली दुपारचा टीव्ही लावतात. ज्यांना तास नसतो त्या बाई डबे घेऊन तिथे जमतात आणि मालिकेतल्या माणसांविषयी अशा तावातावाने बोलतात, की ती माणसं जणू पलीकडच्या गल्लीत राहत असावीत. मी कोपऱ्यात वह्या तपासत बसते आणि कान मात्र तिकडे ठेवते. काल एका बाईंनी अचानक मला विचारलं, "तुम्ही कुणाच्या बाजूच्या, सासूच्या की सुनेच्या?" मी वहीत मान घातली. माझा चेहरा लाल झाला असावा, कारण त्या हसल्या आणि म्हणाल्या, "राहू द्या, तुम्ही आपल्या वह्यांच्या बाजूच्या." पण हा प्रश्न मला फार पूर्वी तुझ्याविषयी पडला होता आणि तो अजून सुटलेला नाही, हे त्यांना कसं सांगणार? म्हणून तुला लिहायला बसले.

आपल्या नाशिकच्या चाळीतली ती दुपार मला अजून जशीच्या तशी दिसते. माझी सकाळची शाळा सुटलेली आहे. दिवाळी होऊन गेली आहे आणि व्यापाऱ्याकडून आलेली भुईमुगाच्या शेंगांची पोती व्हरांड्यात ओतलेली आहेत. तू, शेजारच्या काकू, मालेगावच्या ताई आणि आणखी दोघी-तिघी पाय पसरून बसलेल्या आहात. आपल्या दारातल्या स्टुलावर बाबांचा रेडिओ आहे. दुपारच्या मालिकेसाठी तू केलेला नियम सगळ्या पाळत असत: नाटक चालू असताना एकही शेंग फोडायची नाही, फक्त फोडलेले दाणे निवडायचे. नाटक संपलं, की इतका वेळ आवरून धरलेले हात आणि तोंडं एकदमच सुटत. भांडण जितकं रंगेल तितक्या शेंगा भराभर फुटत. व्यापाऱ्याचा माणूस म्हणायचा, की या चाळीसारखं काम कुठे होत नाही. त्याला बिचाऱ्याला कारण ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी मालिकेतल्या सासूने धाकट्या सुनेवर पाटल्या चोरल्याचा आळ घेतला होता. धाकटी रडत माहेरी गेली. पुढे पाटल्या तांदळाच्या डब्यात सापडल्या, तरी सासू काही तिला आणायला जाईना. आणि त्याच दिवसांत काकूंची सूनही, जिला मी वहिनी म्हणायचे, सायखेड्याला माहेरी जाऊन बसली होती. तिच्यावर चोरीचा आळ नव्हता. ती मी वाचनालयातून आणून दिलेली कादंबरी वाचत असताना दूध उतू गेलं, भांडं करपलं आणि काकू तिला असं काही बोलल्या, की दिवाळीला म्हणून गेलेली वहिनी भाऊबीज उलटली तरी परतली नाही. तिच्या वडिलांचा निरोप आला, "घरचं कुणी न्यायला आल्याशिवाय पाठवणार नाही." काकूंनी उलट निरोप धाडला, "पायानं गेली, पायानं यावं. रस्ता ठाऊक हाय तिला." मुलगा आईच्या शब्दाबाहेर नव्हता. सुनेला आणायला घरातलं माणूस जातं ही साधी रीत, आणि तिच्यापायी दोन्ही घरं हटून बसली होती. चाळीत माझ्याशी आपणहून बोलणारं माणूस एकच होतं, ते म्हणजे वहिनी. ती गेल्यावर मी दोन पुस्तकं वाचून संपवली आणि ती कुणाला सांगायची हेच मला कळेना.

अशात मालिकेत एक पाहुणी नटी आली. नाटकांतून गाजलेली बाई, चार भागांपुरती धाकटीच्या नवऱ्याची आत्या होऊन आली आणि सासूला धारेवर धरू लागली. तिच्या भरदार आवाजाने सगळ्यांना वेड लावलं. मालेगावच्या ताई म्हणाल्या, "ती आत्या नही, वाघीण शे." देवळाली कॅम्पातून आपल्या चाळीत राहायला आलेल्या एका काकींनी सांगितलं, की त्यांनी तिला कॅम्पात नाटकाला आलेली अगदी जवळून पाहिली आहे, चांगली सहा फूट उंच आहे. "सहा फूट?" तू म्हणालीस, "मग दारातून वाकून आली असेल हो स्टेजवर." सगळ्या हसल्या. आणि मग त्या हसण्यातच, शेंग फोडत, तू सहज म्हणालीस, "मला तर बाई सासूचंच पटतं. पायानं गेली, पायानं यावं. रस्ता ठाऊक आहे की तिला."

मी पुस्तकातून मान वर केली. ते काकूंचे शब्द होते, अगदी अक्षरशः. मालेगावच्या ताईंनी पदराने तोंड झाकलं. काकूंना मात्र काहीच जाणवलं नाही. त्या उसळून म्हणाल्या, "अवो, असं कसं म्हणता? आळ कुणी घेतला? सासूनं. मग उठायचं कुणी?"

"सून आहे ती. ऐकून घ्यावं तिनं."

"ऐकून घ्यावं, पर किती? लोकाची लेक हाय ती."

असं रोज चाललं. तू सासूची बाजू घ्यायचीस, काकू धाकटीची. आणि तू रोज काकूंचंच एखादं जुनं वाक्य काढून सासूच्या तोंडी घालायचीस. मला ते सहन होईना. संध्याकाळी तू भाकऱ्या थापत असताना मी विचारलं, "आई, तू त्या सासूच्या बाजूची कशी काय?" तू तव्यावरची नजर न काढता म्हणालीस, "पुस्तकातलं तुला झटकन कळतं. माणसांतलं कळायला जरा दम धर. पाणी आण." मी पाणी आणलं आणि रागाने जेवताना तुझ्याशी बोलले नाही, तशीही मी फारशी बोलत नसेच, त्यामुळे ते तुझ्या लक्षात आलं की नाही, कोण जाणे.

आत्याच्या शेवटच्या भागात ती नटी म्हणाली, की सासू जात नसेल तर मीच जाते, आणि दार आपटून निघून गेली. रेडिओ बंद झाला. तू म्हणालीस, "जाईना का. सासूनं मात्र जाऊ नये. मान खाली जाईल."

"मान कसली खाली?" काकूंच्या हातातली शेंग तशीच राहिली. "पोर कडेवर घ्यायला बाई वाकती, तवा काय तिची मान खाली जाती? मी असते ना त्या सासूच्या जागी, तर सकाळच्या एस्टीनं जाऊन हाताला धरून आणली असती."

कुणीही शेंग फोडली नाही. देवळालीच्या काकी छताकडे बघू लागल्या. काकूंनी एकेकीच्या तोंडाकडे पाहिलं, शेवटी तुझ्याकडे, आणि त्यांचा चेहरा हळूहळू बदलत गेला. मग त्या उठल्या, मांडीवरची टरफलं झटकली आणि म्हणाल्या, "तुमची पोरगी सकाळी माझ्यासंगं पाठवा. ती शिकलेली हाय. मला त्या व्याह्यापुढं बोलायला जमायचं नाय."

तू माझ्याकडे पाहिलंस. साऱ्या चाळीत जिला सर्वांत कमी बोलता येत होतं, ती मुलगी बोलायला म्हणून निघाली होती, आणि तू एवढंच म्हणालीस, "पाठवते."

सायखेड्यात आम्ही दोघी खाटेवर नुसत्या बसून राहिलो. वहिनीचे वडील समोर. ते बोलेनात, काकू बोलेनात, आणि मी रस्ताभर मनात घोकलेलं वाक्य विसरले. वहिनी पाणी घेऊन आली. तांब्या ठेवताना तिने सासूकडे न बघता मला हळूच विचारलं, "आमच्याकडे रेडिओ नाही गं. धाकटीचं काय झालं?"

मी तोंड उघडायच्या आत काकूंनी सुरुवात केली. पाटल्या, तांदळाचा डबा, आत्याचं येणं, सगळं त्यांनी आवाज काढून सांगितलं. आत्याचं बोलणं सांगताना तर त्या उठून उभ्या राहिल्या. वहिनी उंबऱ्यातच बसली. वडील आधी दुसरीकडे पाहत होते, मग विचारू लागले, "आन् सासू काय म्हनली?" काकू परत खाटेवर बसल्या. पदराचं टोक बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "सासू चुकली. लय चुकली. पर तिला बोलता येत नव्हतं."

वडील उठले आणि लेकीकडे वळून म्हणाले, "पिशवी भर गं. दुपारची गाडी गाठायची हाय."

येताना वहिनी खिडकीशी बसली, मी मध्ये. काकू माझ्या कानाशी वाकून म्हणाल्या, "तुझ्या आईला सांग, माझं तिच्याशी भांडण मिटलेलं नाय. एवढी समजूतदार बाई, आन् सासूची बाजू घेती."

तू ते सगळं ठरवून केलंस, असं मी आजवर धरून चालले आहे आणि वहिनीलाही तसंच सांगत आले आहे. पण काकूंचा तो निरोप मी तुला कधीच दिला नाही, आणि तुझ्या शेवटच्या आजारपणात उशाशी बसूनही ते ठरवून केलंस का, हे विचारलं नाही. हे पत्र टाकायला पेटी नाही, म्हणून कबूल करते: तू शांतपणे म्हणशील, "अगं, मला खरोखरच सासूचं पटत होतं," अशी मला भीती वाटायची; आणि अजूनही थोडी वाटते.