सोनाराच्या दुकानातली माती

अकोला, ४ मार्च ६३, सोम.
नववीला कॅलिफोर्नियाच्या सोन्याचा धडा शिकवला. लोक घरंदारं टाकून धावले, नद्या उपसल्या, मूळच्या माणसांना हुसकलं, मारलं. अर्धा वर्ग पेंगत होता. शकू, नारायणराव सोनारांची, उठली. "सर, आमच्या दुकानातली माती आणू? धुतली का सोनं निघते." दर दिवाळीला झारेकरी दुकानातली झाडलोट विकत नेतो, धुऊन कण काढतो म्हणे. आण म्हटलं.

६ मार्च
अर्धं पोतं माती! इतकी कशी, विचारायचं सुचलं नाही. नळाखाली घमेल्यात धुतली. तळाशी चार-सहा कण. पोरं नाचली. वसंता ओरडला, "सर, अमेरिकेत कायले जा लागते मंग?" धडा असा कधी रंगला नव्हता. कण पुडीत बांधले.

७ मार्च
संध्याकाळी, मी शाळेनंतर चालवतो त्या साप्ताहिकाचा मजकूर. अमरावतीची बातमी: सोनार तेजाब, सोनं तपासायचं ॲसिड, पिऊन मेला. जानेवारीत हुकूम निघाला, चौदा कॅरेटच्या वर दागिना घडवायचा नाही; सोनारांचं काम बसलं. तेव्हापासून ही पहिली नव्हे. जागा कमी. चार ओळींत बसवली.

८ मार्च
शकू गैरहजर. पुडी द्यायला दुकानात गेलो. नारायणराव एकटेच. जमीन हातभर उकरलेली. ऐरण, भाता पोत्यात. दुकान कायमचं सोडतानाच सोनार जमीन उकरतो, हे आज कळलं.
"झारेकऱ्याला का नाही दिली?"
"तो कायले येते आता, मास्तर? काम नाई तं झाडलोट कुठची? हे माह्या बापाच्या वक्ताची माती. पोरीच्या वर्गात तरी चमकू द्या म्हटलं."
शकूला मामाकडे बार्शीटाकळीला धाडणार. शाळा बंद. म्हटलं, परीक्षेपर्यंत आमच्याकडे राहू दे, आमची मंडळी आहेत घरी. ते पोत्याची गाठ आवळत राहिले.
सगळं बांधलेलं. फळीवर फक्त तेजाबाची बाटली. मी म्हटलं, "ही शाळेला द्या, प्रयोगाला." ते हसले. "शाळेत कोन सोनं तपासते, मास्तर?"
पुडी त्यांनी घेतली नाही.

९ मार्च, शनि.
शकू शाळेत आली, कपड्यांचं गाठोडं घेऊन. "बाबा म्हणे, सरांच्या घरी राय. परीक्षा दे."
बरं वाटलं. मग नाही वाटलं.
सायकलनं गेलो. दुकानाला कुलूप. शेजारचा शिंपी म्हणाला, सकाळीच गेले, कुठं ते नाही सांगितलं. फटीतून पाहिलं. ऐरणीचं पोतं जागेवर. फळीवर बाटली नाही.
बार्शीटाकळीला माणूस धाडलाय. अजून परतला नाही. शकू ओट्यावर गणितं सोडवते. दोनदा विचारून झालं, "सर, बाबा भेटले का तुमाले?"