बाटलीच्या ब्रशला हिरवा रंग

अरे,

छकुलीच्या दुधाच्या बाटलीचा ब्रश मी कचऱ्यात टाकलाय, शोधू नकोस. सकाळी त्याच्या केसांत हिरवा रंग अडकलेला दिसला. लष्कराच्या लिलावातून आणलेल्या त्या स्टीलच्या टाकीचे कोपरे घासायला घरात दुसरं काहीच सापडलं नाही तुला? आणि वर ‘धुऊन ठेवला होता की!’ असं मलाच ऐकवून कामावर गेलास. तो रंग लेकीच्या पोटात गेला असता म्हणजे?

मी तिला घेऊन ताईकडे जातेय. टाकी अंगणात ने. कोरडा रंग खरवडू नकोस, घरभर धूळ झालीये. हातमोजे घालून रंग काढायचं औषध जाडसर लाव, वर प्लास्टिक गुंडाळ आणि दोन तास हात लावू नकोस. काल ती झोपल्यावर मी टाकीच्या मागच्या बाजूला करून पाहिलं. लाकडी उलथन्याने रंग सालीसारखा निघाला. पंधरा दिवस तू नुसती कुस्ती खेळतोयस!

टाकी तिच्याच स्वच्छ पाण्यासाठी आणलीस, ठाऊक आहे मला. म्हणून तर जास्त संताप होतोय.

फरशी ओल्या फडक्याने दोनदा पूस, नवा ब्रश आण, मग आम्हाला न्यायला ये. पण आंघोळ केल्याशिवाय तिला उचलायचं नाही. ती कितीही झेपावली तरी.