कोपरा फाटलेलं पत्र

आई, आज नातवाचा पुण्याहून मोबाईलवर निरोप आला, "जेवलो." संपलं पुराण. सोलापुरातल्या माझ्या या दोन खोल्यांत दिवसभरात कुणी माझ्याशी बोललं ते एवढंच, म्हणून तेही मी पुन्हा पुन्हा वाचलं. एकटं वाटलं गं फार. आणि वळसंगचं आपलं घर आठवलं.

आण्णा लढाईवर होते. वडील म्हणून मला ते ठाऊक होते ते पत्रांतूनच. पत्र आजोबांच्या नावावर यायचं आणि शेजारचे गुरुजी ते ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे. चार माणसांदेखत बायकोचं नाव काढायची रीत नव्हती. आजोबांना नमस्कार, आजीला नमस्कार, बैलांची चौकशी आणि शेवटी "पोरीस आशीर्वाद". बैलांना ओळ असायची, तुला नसायची. तू दाराआड उभी राहून ऐकायचीस, आणि वाचून झाल्यावरही थोडी थांबायचीस.

मग ते पत्र आलं. आपण रानातून परततोय, तर उंबऱ्यात पडलेलं, एक कोपरा फाटलेला. कुणी गेल्याचं कळवायचं तर पत्राचा कोपरा फाडायचा, हे आपल्याकडं अक्षरशत्रूलाही वाचता येत होतं. आजीनं हंबरडा फोडला. तू हात पुढं केलास तर ती ओरडली, "हात लावू नगंस! असलं घरात ठिवत न्हाईत," आणि पत्र चुलीत घातलं. रडारड ऐकून गुरुजी धावत आले. "अवो आक्का, फौजेतनं तसली खबर तारेनं येती. टपालाच्या पिशवीत फाटलं असंल. पत्र कुटं हाय?" सगळे चुलीकडं बघू लागले. तू मात्र रडता रडता हसत होतीस. "हाईत म्हंजे! हाईत की!" असं म्हणत भाकरी थापत राहिलीस.

पुढचं पत्र चार ओळींचं. "मनातले सर्व मागील पत्री लिहिले आहेच." त्यानंतर पत्र आलं नाही. तार आली.

जन्मभर तू विचारायचीस, "काय असंल गं त्यात?" आणि उत्तरही तूच द्यायचीस, "तुज्याबद्दलच असंल. लई जीव व्हता तुज्यावर." मीही ते खुशाल पदरात पाडून घेतलं. आज त्या एका शब्दाच्या निरोपाकडं बघत बसले आणि डोक्यात उजेड पडला. मला दर पत्रात ओळ मिळतच होती की. मनातलं सगळं लिहायचं राहिलं होतं ते तुला. ते पत्र तुझं होतं, आई. तुला एकदा तरी हे ऐकायला मिळायला हवं होतं.

हे पत्र टाकायचं तरी कुठं? राहू दे उशाशी. फक्त रागावू नकोस, खरं ते सांगते. एवढं सगळं कळूनही, त्यातली शेवटची अर्धी ओळ माझी असावी, असं मला अजून वाटतं.