गोबऱ्याचं वजन

३ नोव्हेंबर
जमलं! गोबऱ्याने बाजी मारली!! बटाट्यात स्टार्च वाढावा म्हणून किती वर्षं जनुकं घालून बघतोय — अगदी हात टेकले होते. आज गोबऱ्याचे (आमचा नवा वाण, बारसं मीच केलंय) बटाटे आधी काट्यावर तोलले, मग पाण्यात बुडवून तोलले. जितका स्टार्च जास्त, तितका बटाटा पाण्यात जड भरतो. आणि हा पठ्ठ्या साध्या बटाट्यांपेक्षा कितीतरी जड!

प्रयोगशाळेचे प्रमुख, आमचे सर, चक्क नाचले. महिनाअखेर निवृत्त होताहेत. म्हणाले, "अगं, आता सुखाने घरी बसेन." प्रकल्पाला पैसे देणाऱ्या समितीने हे बघितलं की प्रकल्प पुढे चालू, म्हणजे माझी कंत्राटी नोकरीही वाचली. मी तर घरी येईपर्यंत गाणं गुणगुणत होते.

६ नोव्हेंबर
नवरा म्हणतो, एखादा घरी आण, तळून बघू. म्हटलं, हात तर लावून बघ!

९ नोव्हेंबर
सरांच्या सहीसाठी त्यांच्या खोलीत गेले. कोपऱ्यात, हीटरला खेटून, गोबऱ्याच्या बटाट्यांची टोपली. "ही इथे कशी, सर?" तर लाजले! म्हणे, तोलायच्या दोनेक आठवडे आधीच सुट्टीच्या दिवशी एकटे येऊन उकरून आणले. "राहवेना गं. येताजाता हात फिरवायचो."

मी एक उचलला. साल सैल लागली. साधे बटाटे आम्ही तोलायच्या दिवशी सकाळीच मातीतून काढले होते. आणि गोबऱ्याचे तोलले ते या टोपलीतलेच, इतके दिवस हीटरपाशी वाळलेले. पाणी उडालं की उरलेल्यात स्टार्च जास्त दिसणारच! पहिल्या वर्षाच्या मुलांना आम्हीच शिकवतो — सगळे एकाच वेळी काढा, मग तोला. आणि मीही विचारलं नाही, कधी काढले म्हणून. आनंदात कोण विचारतं!

सही तेवढी घेऊन आले.

१० नोव्हेंबर
गोबऱ्याच्या थोड्या कुंड्या हरितगृहात शिल्लक आहेत. सर जेवायला गेल्यावर दोन उकरल्या, सोबत साध्याच्याही दोन. त्यातले बटाटे लगेच तोलले. परत तोलले. दोन्ही सारखेच. तसूभर फरक नाही.

११ नोव्हेंबर
सांगू कशी? परवा समिती. आज सरांच्या बायकोचा फोन. "काय जादू केलीस गं? हे जेवताना गप्पा मारायला लागलेत!" "हो ना काकू," एवढंच म्हटलं.

नवऱ्याला सगळं सांगितलं. म्हणाला, "नोकरी जाईल म्हणून गप्प आहेस का?" भडकलेच मी. नोकरी गेली खड्ड्यात! पण माणूस आयुष्यभर एकाच गोष्टीमागे धावला, ती हातात आल्यासारखी वाटली, आणि मी जाऊन म्हणू — सर, तुमच्याच मायेने वाळले हो ते? मला नाही जमणार. आणि खोटा आकडा समितीपुढे ठेवायचा, तेही नाही जमणार. काय करू?

भांडण होऊन दोघंही न जेवता झोपलो. नोकरीचा विचार अगदीच मनात नाही असंही नाही म्हणा.

१२ नोव्हेंबर
दोनदा दारापर्यंत गेले, परत आले. भित्री कुठली!

१३ नोव्हेंबर
सकाळी समितीच्या आधी एका दमात सांगून टाकलं. सर चष्मा पुसत बसले. मग हळूच म्हणाले, "माहीत आहे. तू टोपलीबद्दल विचारलंस, तेव्हाच शंका आली. मीही दोन कुंड्या उकरल्या परवा. तुझी नोकरी जाईल म्हणून जीभ रेटेना गं." अरे देवा! आणि मी त्यांच्यासाठी गप्प! आधी हसलो, मग दोघंही रडलो. समिती आलीय. सर दाराशी उभे आहेत — "चल, दोघं मिळून सांगू."