पिवळं न होणारं पाणी

१२ फेब्रु., गुरु.
सकाळी सोनीचे दोन मिस्ड कॉल. एक आला तर समजायचं आठवण काढली, दोन आले तर बंधाऱ्यावर कुणीतरी शिरलंय. हे आमचं ठरलेलं. तशीच स्कूटी काढली. आमच्या पाणीयोजनेच्या जॅकवेलच्या, म्हणजे नदीतून पाणी उचलायच्या विहिरीच्या, वरच्या अंगाला केमिकलचा टँकर उभा, क्लीनर आतून पाइप मारून धुतोय. फेस नदीत. ड्रायव्हर वर तोंड करून म्हणतो, "मॅडम, वाहतं पाणी आहे, जाईल निघून." म्हटलं, निघून कुठे जाईल बाबा, अकरा गावांच्या पोटात? नंबर लिहून घेतला, फोटो काढले, तोंडाचा पट्टा सोडला तो वेगळाच. सोनी कोयता घेऊन टँकरच्या पुढ्यात उभी होती म्हणून तरी तो थांबला. वाडीतली ही बाई, ना पगार ना काही, आणि आमच्या चौकीदारापेक्षा जागी. जाताना पानात गुंडाळून चार चिंबोऱ्या, नदीतले खेकडे, दिल्या. नको म्हटलं तर रागावली.
अष्टमी गावातल्या घरी येईपर्यंत एक पानातून सुटून डिकीत फिरत होती. ह्यांनी हात लावायला साफ नकार.

१६ फेब्रु., सोम.
तुरटी आली एकदाची. फिल्टर नं. २ उलटा धुऊन घेतला. म्हात्रेकाका असले की मला काही बघावं लागत नाही. पाणी तळहातावर घेऊन गढूळपणा सांगतात, मग मशीनवर तोच आकडा येतो. तीस वर्षं याच प्लांटवर. मे अखेर रिटायर. त्यांच्यानंतर कोण, देव जाणे.
काकांच्या घरून कमळाकाकींनी पोह्याचे पापड पाठवलेत. त्यांच्या बचत गटाचा सीझन जोरात, अंगणभर खाटा आणि साड्या पसरल्यात म्हणे. यंदा पापड पांढरेशुभ्र. मी म्हटलं, काका, मागच्या वर्षी तर पिवळट होते? काका हसले नुसते. "हात बसला आता बायांचा."
रजिस्टरवर आठवड्याच्या सह्या केल्या. चहा. ४ च्या गाडीने परत.

२० फेब्रु., शुक्र.
वाडीत तीन मुलांना जुलाब-उलट्या. आशाताईंचा फोन. सोनीची नात पिंकी सगळ्यात लहान, तिला पेणला सरकारी दवाखान्यात हलवली.
दवाखान्यात गेले. पिंकी तीन वर्षांची, पण सलाइनच्या हाताला फळी बांधलीय ती तिच्या हाताहून मोठी. डोळे अर्धवट. आणि मी काय केलं? सोनीला झापलं. सगळ्या वॉर्डासमोर. "परत झिऱ्याचं पाणी पाजलंस ना? किती वेळा सांगितलं वाळूतलं ते पाणी पोरांना नको म्हणून?"
ती म्हणाली, "नाय बाय. तुज्याच नळाचा."
मी विश्वास ठेवला नाही. तिनेही दुसऱ्यांदा सांगितलं नाही.
गेल्या दिवाळीनंतर नळ आला वाडीत. झिरा सोडायला कुणी तयार नव्हतं. मीच पहिला पेला भरून सगळ्यांसमोर घटाघट प्यायले होते. टाळ्या वाजवल्या होत्या पोरांनी.

२१ फेब्रु., शनि.
झोप नाही. पहाटेच निघाले, सहाला वाडीत. नळाला पाणी असतं पाच ते सात, त्यामुळे नळ आला तो एक दिवस सोडला तर मी तिथे पाण्याच्या वेळी कधी गेलेच नव्हते. माझी गाडी साडेनऊची, माझी तपासणी दहाची, प्लांटवर. वाडीच्या नळाच्या औषधाचा आकडा काका लिहितात, मी सही करते.
परीक्षानळीत पाणी घेतलं, थेंब टाकले. पाण्यात जंतू मारायचं औषध, क्लोरीन, असेल तर पिवळं व्हायला हवं. नाही झालं. वाटलं बाटली जुनी. नवी फोडली. नाही. तिसऱ्यांदा. आशाताई विचारतात, "काय झालं मॅडम?" म्हटलं काही नाही.
पाणी मात्र नितळ. इतकं नितळ की कुणालाही वाटावं, यापेक्षा चांगलं ते काय.
दहाला प्लांटवर तीच बाटली, तेच थेंब. पिवळंधमक.

२२ फेब्रु., रवि.
साडेपाचला प्लांट. न सांगता. पंप चालू, तीन नंबरच्या लाइनला पाणी सुटलेलं. ही लाइन काकांच्या गावातून जाते आणि वाडीत संपते. ब्लीचिंग पावडरच्या टाकीची नळी पाहिली, चावी बंद. एक थेंब पडत नव्हता. काका खुर्चीवर जप करत बसलेले. मला पाहिलं आणि माळ खिशात ठेवली.
म्हटलं, काका, चावी कुणी बंद केली?
काका खोटं बोलत नाहीत, तेच तर. "मीच."
"कधीपासून?"
"दिवालीच्या मागशी. पापडांचा काम चालू झाला तवापासून. बाया पाचला पीठ भिजवतान. त्या वासाचा पानी लागला का पापडाला दवाखान्याचा वास येतंय, रंग बी धरतंय. दोन घंटं त बंद ठेवतंय. सातला परत चालू करतंय मी, इमानानी."
सातला. वाडीचं पाणी सातला बंद होतं!
मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा काकांवर ओरडले. "काका, वाडीला फक्त तेच दोन तास मिळतात! त्यांच्या नळाला औषधाचा थेंब गेलेला नाही चार महिन्यांत!"
त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं, हा हिशोब त्यांनी कधी केलाच नव्हता. गावाला संध्याकाळी पुन्हा औषधाचं पाणी सुटतं, टाक्यांत मिसळतं, म्हणून गावात कुणाला काही झालं नाही. वाडी त्यांच्या ध्यानातच नव्हती. "पानी त काचेवानी व्हता, ताई," एवढंच म्हणत राहिले. मग खाली बसले, जमिनीवर.
मी चावी उघडली. आणि मग रजिस्टर उघडलं. वाडी, वाडी, वाडी, रोज तोच आकडा, काकांचं वळणदार अक्षर. आणि प्रत्येक पानाखाली माझी सही.

२३ फेब्रु., सोम.
पिंकीला दुसरी सलाइन. अजून काही बोलत नाही. डॉक्टर म्हणतात, वेळेत आणलीत. सोनी माझ्याकडे बघत नाही. तिला सांगायला गेले होते, सांगितलं नाही. बिस्किटं ठेवून आले. लाज वाटली त्या बिस्किटांची.
ह्यांना सगळं सांगितलं. म्हणाले, "तीन महिने राहिलेत माणसाचे. पोरं बरी होतायत. समज दे, मिटव." हे वाईट नाहीत, कंपनीत रोज असंच मिटताना बघतात. मलाही क्षणभर तेच हवं होतं. खोटं कशाला लिहू, क्षणभर नाही, दुपारभर.

२४ फेब्रु., मंगळ.
कमळाकाकी ऑफिसात. पदराने तोंड दाबून रडत होत्या. "मीच सांगतला गो त्यांना. माल परत आयला व्हता, बाया माझ्या नावानी बोटा मोरत व्हत्या. मना काय म्हायती त्या पोरांच्या तोंडाला जाईल?"
त्यांचा हात धरून बसले. राग यायला हवा होता, येईना. मग सहज विचारलं, काकी, रात्रीच भरून ठेवलं तर? पसरट पातेल्यात, वर पातळ फडकं. सकाळपर्यंत वास उडून जातो.
काकी बघतच राहिल्या. "येवराच?"
एवढंच. चार महिने. त्यांना वास येत होता तर त्या माझ्याकडे का आल्या नाहीत? कारण मी कधी त्या अंगणात गेले नाही. फुकटचे पापड तेवढे खाल्ले.

२५ फेब्रु., बुध.
रिपोर्ट लिहायला घेतला. पहिल्या ओळीवर तासभर. काका समोर उभे, टोपी हातात. "माझा एकट्याचा लिवा ताई. तुमची नोकरी लांब हाय आजून." म्हटलं, काका, सही कुणाची आहे? त्यांनी टोपी डोक्यावर घातली. मग म्हणाले, "पोरीला बघाला जाऊ का?" म्हटलं, जा. पण हातात काही नेऊ नका.
दोन्ही नावं घातली. त्यांचं आणि माझं. तपासणीची वेळ बदलली आहे, वाडीत रोज पाणी सुटताना, मी स्वतः, हेही लिहिलं. सही करून पाकीट बंद केलं.

२७ फेब्रु., शुक्र.
साहेबांनी वाचला. "हे इतकं लिहायची गरज होती का?" पुढे चौकशी. काकांना घरी बसवलंय, पेन्शनचं काय होईल ते... माझंही काय ते तेव्हाच.
पिंकी घरी आली! आशाताईंनी सांगितलं, भात मागितला म्हणे. प्लांटच्या गच्चीवर जाऊन एकटी रडले. खाली येऊन फिल्टर नं. १ धुवायला लावला.
काका वाडीत गेले होते. सोनी म्हणे आत गेली आणि दार लावून घेतलं. ते तासभर ओट्याखाली उभे राहिले आणि परत आले.

२ मार्च, सोम.
गटातल्या बायांनी पातेल्याची युक्ती करून पाहिली. पापडाला वास नाही. काकींनी एक थप्पी पाठवली. डबा उघडला नाही अजून.
सोनीचा एकही मिस्ड कॉल नाही. वीस तारखेपासून. काल बंधाऱ्यावर चाकांच्या खुणा होत्या, ओल्या. कोण आलं, काय धुतलं, कुणी पाहिलं नाही. चौकीदार म्हणतो, "मी जेवायला गेलो होतो." त्याला काय बोलू? सोनीला तरी कुठल्या तोंडाने सांगू की माझी नदी राख.

५ मार्च, गुरु.
वाडीत साडेपाचला. रोज जातेय, रोज दहा घरांतून मुलं गोळा होतात नळी बघायला, सोनी येत नाही. आज आली. पिंकी कडेवर, केस विंचरलेले, माझ्याकडे टकमक बघत होती.
मी सोनीला सांगितलं. सगळं. चावी, पापड, माझ्या सह्या, आणि वॉर्डात तिला बोलले ते. मध्ये थांबले नाही, थांबले असते तर जमलं नसतं. तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "आमी तुजं पानी राखलं बाय. तू आमचं नाय राखलंस."
हो म्हटलं.
थेंब टाकले. पिवळं झालं. तिने नळी हातातून घेतली, उजेडाकडे धरली. "ह्यो रंग आला का बरा?"
"हो."
"मना शिकव. मी टाकीन थेंब. तुज्यावर भरोसा नाय ठेवायची मी."
शिकवलं. बाटली तिच्याकडेच ठेवली. दुसऱ्यांदा तिने स्वतः केलं, मोजून, ओठ हलवत. मग एक हंडा नळाचा भरला आणि ओट्यावर ठेवला. शेजारी झिऱ्याच्या पाण्याचा हंडा होताच. पिंकीने पाणी मागितलं. सोनीने पेला झिऱ्याच्या हंड्यात बुडवला.
मी निघाले. ती म्हणाली, "उद्या ये." बस.

आता प्लांटवर हे लिहितेय. चौकशीचं पत्र टेबलावर आलंय, अजून फोडलं नाही. फोन वाजला. सोनी. एकदाच, आणि बंद.
पुन्हा वाजला.
दोन. बंधाऱ्यावर कुणीतरी आहे. स्कूटीची चावी कुठे ठेवली मी