विषय क्रमांक सात

मी, खाली सही करणारी, वय वर्षे बहात्तर, एका गोदाम कंपनीची निवृत्त सभा-लेखनिक, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझ्यावर कोणाचे दडपण नाही. दडपण आणण्याइतके जवळचे कोणी उरलेलेही नाही.

१. राहते दोन खोल्यांचे घर व बँकेतील ठेव माझ्या धाकट्या भावाच्या मुलीस मिळावी. ती वडिलांच्या चोरून मला फोन करते आणि अजून आत्या म्हणते. न्हाणीघराचा नळ नुसता फिरवून बंद होत नाही, थोडा वर उचलावा लागतो. हे तिला सांगायचे राहून गेले आहे.

२. शिवणयंत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंना द्यावे. माझी कात्री त्यांच्याकडेच आहे. सहा वर्षांपूर्वी नेली, आता यंत्रही न्यावे.

३. निरोपाच्या वेळी मिळालेले भिंतीवरचे घड्याळ कंपनीस परत करावे व सभेच्या खोलीत, अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर लावावे. एकोणतीस वर्षे दर सोमवारी मी त्या खोलीत बसले. अकराला सुरू झालेले गुऱ्हाळ जेवणाची सुट्टी गिळून टाकी. खुर्च्यांना चाके असावीत की नसावीत, यावर चार सोमवार गेले. सभा जरा कामाच्या व्हाव्यात म्हणून मी एक पानी टिपण दिले होते. आज काय ठरवायचे ते आधी लिहा. ज्याच्या जिवाशी गाठ आहे त्याला पहिल्यांदा बोलू द्या. जो बोलला त्याचे शब्द, तो उठण्यापूर्वी त्यालाच वाचून दाखवा. त्या टिपणावर तीन सभा झाल्या, मग उपसमिती नेमली गेली. तिची पहिली सभा अजून व्हायची आहे. टिपणाची प्रत घड्याळाच्या पाठीला चिकटवली आहे. कोणी वाचील अशी आशा नाही.

४. कपाटाच्या खालच्या कप्प्यातील निळी कच्ची वही भाचीस द्यावी. बाकी सगळे नाही दिले तरी चालेल.

सभेत मी कच्च्या वहीत भराभर लिहून घेत असे आणि दुसऱ्या दिवशी व्यवस्थापक सांगतील तेवढे पक्क्या नोंदवहीत उतरवत असे. पक्क्यात नाही ते घडलेच नाही, असा तिथला नियम. माझा भाऊ त्याच गोदामात लिफ्ट मेकॅनिक होता. त्याला तिथे चिकटवला मीच. एका सोमवारी सात क्रमांकाला त्याच्या मालवाहू लिफ्टचा विषय होता आणि सहा क्रमांकाला खुर्च्यांची चाके. भावाच्या वाट्याला दोन मिनिटे आली. तो उभा राहून म्हणाला, "साहेब, दार उघडं असलं तरी लिफ्ट निघून जाते. दाराचं नवं कुलूप येईपर्यंत लिफ्ट बंद ठेवा. कुणीतरी खाली जाईल."

व्यवस्थापक कागद गोळा करत होते. म्हणाले, "बघू पुढच्या सोमवारी. आणि बाई, हे लिहू नका, उगाच वरून प्रश्न येतात."

पक्क्या नोंदवहीत मी लिहिले: विषय सात, वेळेअभावी घेता आला नाही.

शुक्रवारी एका हमालाने पाठीवर खोके घेऊन चौथ्या मजल्यावरच्या उघड्या दारातून पाऊल टाकले. आत लिफ्ट नव्हती.

चौकशीच्या सभेत भावाला विचारले, आधी का सांगितले नाहीस? तो घाबरला नव्हता. माझ्याकडे बघून म्हणाला, "ताईला विचारा ना. तिनं लिहून घेतलंय." सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. मी पक्की नोंदवही उघडली आणि होते ते वाचले. मग पुढचे लिहीत राहिले. मेकॅनिकने कळवले नाही, हा निष्कर्ष माझ्याच अक्षरात आहे. अक्षर चांगले आहे.

भावाची नोकरी गेली. आता तो एका गल्लीत कुलपे दुरुस्त करतो. हमालाच्या मुलांनी त्याला रस्त्यात गाठून काय काय म्हटले, ते भाचीने मला सांगितले आहे. या गोष्टीला एकोणीस वर्षे झाली. मी वही कधीही काढून देऊ शकले असते. नोकरीत असताना नोकरीची भीती होती. नंतर कसली होती, ते मला सांगता येत नाही. लाज वाटते, एवढे लिहिते.

आता व्यवस्थापक वारले आहेत, लिफ्टची जागा भिंत बांधून बुजवली आहे. वहीने काही बदलणार नाही. तरी भाचीने खूण घातलेले पान वडिलांना मोठ्याने वाचून दाखवावे. तो ऐकून घेईल असे वाटत नाही.

५. माझ्यामागे शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर दहा मिनिटांत आटपावी.

६. भावास या मृत्युपत्राने काहीही दिलेले नाही, म्हणून तो साक्षीदार होऊ शकतो. त्याला एकदा या घरात आणायला मला दुसरा मार्ग सुचला नाही.

ठिकाण: राहते घर, स्वयंपाकघर
दिनांक: नऊ, सोमवार, सकाळी अकरा

मृत्युपत्र करणारी: (सही)
साक्षीदार पहिल्या: (सही) शेजारच्या दातांच्या डॉक्टरबाई
साक्षीदार दुसरा: (सही) धाकटा भाऊ, लिफ्ट मेकॅनिक

सह्यांपूर्वीची नोंद: कागद भावापुढे ठेवून, आधी वाच, असे मी म्हटले. तो म्हणाला, "सही कुठं करायची तेवढं दाखव. तू लिहिलेलं मी वाचत नाही." त्याचे हे शब्द येथे जसेच्या तसे उतरवले आणि तो उठण्यापूर्वी त्याला वाचून दाखवले. बरोबर आहे, असे तो म्हणाला.