आईचा चाटू

बबिता वहिनी,

कुरड्यांच्या गव्हाचं पाणी बदलून मी पाथरीला शाळेत निघालेय. फाल्गुनातच ऊन तापलंय, म्हणून गच्ची झाडून ठेवली. गव्हाच्या आंबूस वासाने क्षणभर आई घरात असल्यासारखं वाटलं. ती गेल्यावरच्या या पहिल्याच कुरड्या.

दरवर्षी ती मला म्हणायची, "तू वाचत बस, बबिता हाय की माझ्यासंगं." सुटले म्हणून मी खूश व्हायचे. काल शेजारच्या काकू आईची आठवण काढत म्हणाल्या, "बबिताच्या हाताला गीताबाईचीच चव हाय." तेव्हापासून मला तुमचा हेवा वाटतोय.

गहू आज वाटून ठेवा. चीक मात्र उद्या रविवारी, मी असताना शिजवू. आईचा लाकडी चाटू शोधू नका, तो मीच माझ्या कपाटात पुस्तकांमागे ठेवलाय. उद्या आधी मी हलवीन. गुठळ्या व्हायला लागल्या की तुम्ही घ्या.

धम्मशीला